माझ्या पोटातलं पान

या मित्रांनो, बसा असे जवळ, एक गोष्ट सांगतो. मी एक जुना लाकडी साचा आहे. बोहेमियातल्या काचकारखान्यात नाशपातीच्या लाकडातनं मला घडवलं. आम्ही साचे कायम पाण्याच्या टाकीत बुडलेले. ओलं असलं की तापल्या काचेला वाफेची गादी मिळते. वाळलो की तडकलोच.

माझ्यात फुंकायची सुरई कारखान्यात नमुने काढणाऱ्या द्राहोमीराच्या डोक्यातली. तिचे आधीचे नमुने कारखान्याच्या साहेबांनी नापास केलेले. हाही नापास झाला, तर तिला जन्मभर जुन्या फुलदाण्यांवर गुलाब चिकटवायला बसवणार होते. म्हणून तिनं माझ्या पोटात लिंडनच्या झाडाचं पान कोरलं, काचेवर उठून दिसावं असं. पण मन भरेना. साहेब यायच्या आदल्या संध्याकाळी मला खोलीवर नेलं, शेगडीपाशी बसून पानाच्या शिरा कोरल्या, आणि मला तिथंच विसरली!

सकाळी माझ्या पोटाला उभा तडा.

काच फुंकणारे बोहुस्लाव उस्ताद म्हणाले, "वा गं पोरी! साचा भाजलास, तर चार बटाटेही टाकायचेस!"

ती हसली नाही. "उस्ताद, काच आत फिरवत ठेवली तर तडा उमटायचा नाही ना?"

"नाही. पण तुझं पानही पुसलं जाईल. पानाच्या खाचेत काच फिरायचीही नाही नीट."

मग तिनं मला लाकूड कातायच्या चरकावर चढवलं, आणि स्वतःच्या हातानं पान खरवडून काढलं. माझं पोट आतून चांगलंच वाढलं. मग लाकूड फुगून फट मिटावी म्हणून दोघांनी मला टाकीत दाबून धरलं.

साहेब आले. द्राहोमीरा खाली बसून माझे दोन्ही भाग मिटवून दांडे आवळून होती. उस्ताद वर फुंकायची नळी फिरवतायत. हात क्षणभर थांबला असता, तर काचेवर तड्याची रेघ पडलीच असती. वाफ, धूर. माझी फट कुरकुरली. मी अंग आवळलं.

दांडे उघडले. साहेब सुरईवर वाकले. "रेघ नाही कुठं. पण पोट केवढं सुटलंय हिचं!"

"तुमच्यापेक्षा कमीच आहे, साहेब," उस्ताद म्हणाले.

साहेबांनी आपल्या पोटाकडं पाहिलं आणि खो खो हसले. "घ्या मग कामाला!"

ती ढेरपोटी सुरई घरोघर गेली. सुरईगणिक मी थोडा जळत गेलो. पुढं लोखंडी साचा आला. आता मी म्हाताऱ्या द्राहोमीराच्या कपाटावर असतो. पाहुणे सुरईचं कौतुक करतात. माझ्या तळाशी पानाची एक शीर अजून आहे, ती फक्त तिच्याच बोटाला सापडते.

पण खाली शेगडी पेटलीय मित्रांनो, आणि फट परत उघडतेय. तिला आता मला उचलवत नाही. ती बादली दिसतेय ना? तेवढं पाण्यात बुडवा मला.