सांधा कळू नये म्हणून

बायको गेल्यावर मला भीती एकच होती, की तिचा आवाज मी विसरेन. चेहऱ्याचे फोटो आहेत. आवाज कुठे राहतो ते मला माहीत नव्हतं. म्हणून मेव्हणीने बोलावलं तेव्हा नळाचं काम आटपून, हत्यारांची पिशवी घेऊन थेट तिच्या खोलीवर गेलो.

मेव्हणी कॉम्प्युटरवर गाणी जुळवते. त्या प्रकाराला ट्रॅकर म्हणतात. पडद्यावर आकड्यांचे उभे रकाने वर सरकत राहतात, एकेका रकान्यात एकेक आवाज. बायको शिलाई मशीनवर बसली की एक चाल गुणगुणायची. ती मेव्हणीने रेकॉर्ड करून ठेवली होती. आता पुरी केली म्हणाली.

"बसा भावोजी. पिशवी गादीवर नको, मागच्या वेळचं ग्रीस अजून निघालं नाही."

पिशवी खाली ठेवली. तिने चाल वाजवली. सुरुवातीला मला काहीच झालं नाही. कोणीतरी बरं गुणगुणतंय, एवढंच. शेवटाकडे आवाज वर जाताना जरा थरथरला आणि मी पडद्याकडे बोट केलं.

"ही बघ, ही खरी ती. वर जाताना अशीच अडखळायची."

मेव्हणीने चाल थांबवली. म्हणाली, "तिथे मी आहे, भावोजी. ताईचं अर्धंच होतं."

मला कळेना. तिने पडद्यावर दाखवलं. डावीकडे ताई, उजवीकडे मेव्हणी. डावीकडचे आकडे उतरत जातात तसा ताईचा आवाज बारीक होतो, उजवीकडचे चढतात तसा हिचा मोठा होतो. मधल्या काही ओळींत दोघी एकदम.

"सांधा कळू नये म्हणून किती घासत बसले. तुम्ही तरी पाइपाचा सांधा दिसू देता का?"

"दिसला तर गळतंय कुठे ते तरी समजतं. तुझा रकाना बंद कर."

तिने केला. बायको बारीक होत होत विरून गेली.

"ती अशी गात गात बंद व्हायची?"

"नाही, तिथे आवाज मी उतरवलाय. आकडे पुसते, थांबा."

या वेळी गुणगुणणं मध्येच तुटलं. खोकला आला आणि कोणीतरी करड्या आवाजात म्हणालं, "अगं, दोरा तुटला. बंद कर ते."

मी दचकलो. माझ्या डोक्यातली बायको मऊ बोलायची. जिथे ओळखलं तिथे ती नव्हती, आणि जिथे होती तिथे मी ओळखलं नाही.

"कोणतं देऊ?" मेव्हणीने विचारलं.

"तुटलेलं."

तिने ते माझ्या फोनवर घातलं. जाताना रस्त्यात मी ते पुन्हा पुन्हा लावलं. चौकाच्या पुढे "बंद कर ते" थोडं ओळखीचं वाटायला लागलं. ती आठवली म्हणून, की ऐकून ऐकून कानाला सवय झाली म्हणून, ते मला अजून सांगता येत नाही.