ओढून ठेवलेला ब्रेक

जयपूरजवळच्या खातीपुऱ्याच्या फौजी वस्तीत सर्जेराव निकमांचं घर शोधायला घर नंबर लागत नसे. 'पुराने ट्रकवाले सूबेदार साहब' म्हटलं की कोपऱ्यावरचा पानवालाही बोट दाखवी. लष्कराच्या लिलावातला एक जुना वन-टन ट्रक त्यांच्या अंगणात कडुनिंबाखाली उभा असे. निवृत्तीनंतर माणसं भजनाला जातात, कुंड्यांत गुलाब लावतात, नाहीतर सुनेला अक्कल शिकवतात. सर्जेरावांनी हे लोखंडाचं धूड घरी आणलं आणि रोज सकाळी चहाच्या आधी त्याच्या बोनेटवरून हात फिरवू लागले. पार्वतीबाई सुरुवातीला त्याच्याकडे सवतीसारख्या बघत. पुढे त्यांनाही त्याची सवय झाली.

मग सर्जेरावांना झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. चारचौघांत गडगडाटी हसणाऱ्या गड्याच्या तोंडात 'हां' एवढा एकच शब्द उरला. भूक लागली तरी हां आणि औषध नको असलं तरी हां. कुठला हां कशाचा, हे फक्त पार्वतीबाईंना कळे. अशी दोन वर्षं गेली. यंदाच्या थंडीत कफाने छाती भरली, पुन्हा हॉस्पिटल झालं, आणि डॉक्टरांनी त्यांना घरी न्यायला सांगितलं. मुलीला बाजूला घेऊन डॉक्टर जे बोलले, ते पार्वतीबाईंनी दाराआडून ऐकलं. आता फार दिवस नाहीत, जवळ राहा, असं ते बोलणं होतं.

घरी आल्यावर खाट खिडकीशी लावली. सर्जेराव डावा हात उचलून बाहेर दाखवीत आणि म्हणत, "हां." बाहेर ट्रक होता. त्यांना एकदा त्यात बसायचं होतं. हा अर्थ लावायला बायकोचीही गरज नव्हती.

पार्वतीबाईंनी हणमंताला फोन केला. हणमंत खटावकडचा, पलटणीच्या वर्कशॉपात सर्जेरावांच्या हाताखाली हवालदार होता. निवृत्त होऊन आता विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात एका गॅरेजात काम करत होता. तो संध्याकाळी हत्यारांची पेटी घेऊन आला, आधी साहेबांच्या पायांना हात लावला आणि मग ट्रककडे वळला. गिअर मोकळा करून त्याने मागून खांदा लावला, शेजारचे दोघे बोलावले, पहार घालून चाक उचकटून पाहिलं. ट्रक तसूभरही हलला नाही. मग हणमंत दार उघडून आत वाकला आणि त्याने हँडब्रेकचा दांडा चाचपून पाहिला.

"वैनी," तो बाहेर येऊन हळूच म्हणाला, "हँडब्रेक कुणी वढलाय?"

"मी. का ओ?"

हणमंतानं मान खाजवली. "तसं काय न्हाई. पर ही गाडी उभी ऱ्हायली की साहेब कधी हँडब्रेक वढत न्हवते. चाकाखाली लाकडाचे ठोकळे सारायचे. ब्रेक वढून ठिवला की आतलं शू, म्हंजी ब्रेकच्या पट्ट्या, चाकाच्या ड्रमला चिकटून बसत्यात. त्यात पाणी गेलं की मग गंज धरतो, म्हंजी वेल्डिंगच झालं म्हणा. आता दांडा खाली केला तरी सुटत न्हाई."

पार्वतीबाई वाकून चाकांकडे बघू लागल्या. पाणी तर त्यांनीच घातलं होतं. खंडेनवमीला हत्यारं पुजायची, गाडी धुवायची, हार घालायचा. सर्जेराव दरवर्षी ट्रकला न्हाऊ घालत, झेंडूची माळ चढवत आणि मग आमेरपर्यंत एक चक्कर मारून येत. ती चक्कर पार्वतीबाईंना हौसेची वाटे. धुतल्यावर ब्रेक वाळवायला ती मारावी लागते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सर्जेराव खाटेला खिळल्यावर गेल्या दोन्ही खंडेनवम्यांना त्यांनी एकटीने पाइप लावून ट्रक धुतला. चाकं तर आतूनबाहेरून, खराट्यानं घासून. हार घातला, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. आणि शेवटी आत चढून दोन्ही हातांनी तो दांडा वर ओढला, कारण प्रवासात प्रत्येक मुक्कामाला नवरा तेच करी आणि बजावून सांगे, "उतरायच्या आधी हँडब्रेक. माणूस इसरलं तरी हात इसरला न्हाई पायजे." घरी आल्यावर तो ठोकळे लावतो, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. त्या वेळी त्या चहा टाकायला आत गेलेल्या असत.

"म्हंजी माझ्यामुळंच," त्या म्हणाल्या.

"गंज आपोआप बी धरतोय, वैनी. साहेबांना कशाला सांगायचं?"

पण सांगायचं नाही म्हटलं म्हणजे मन गप्प बसतं थोडंच. आयुष्यभर त्यांनी नवऱ्याच्या वस्तू डोळ्यांत तेल घालून जपल्या, आणि त्याने शेवटचं एक मागितलं ते त्यांच्याच हातांनी जाम करून ठेवलं होतं. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून हणमंत रोज येऊ लागला. पुढची चाकं सुटायला फार वेळ लागला नाही. मागच्या चाकांनी मात्र नाकी नऊ आणले. जॅकवर गाडी उचलायची, चाक काढायचं आणि मग तो तांबूस ड्रम समोर यायचा. हणमंतानं हँडब्रेकची तार सैल केली, फटींत रॉकेल सोडलं, ते मुरू दिलं, आणि लाकडी हातोड्यानं ड्रमच्या कडेकडेने ठोकत फिरला. पुन्हा रॉकेल, पुन्हा ठोकणं. लोखंडावर राग काढून चालत नाही, तडकतं, असं तो स्वतःशीच पुटपुटे. आत खाटेवर सर्जेराव डोळे मिटून ऐकत असत. ठोके थांबले की त्यांचा डावा हात खाटेच्या कडेवर टकटक करी, जणू पुढचा ठोका कुठे घालायचा ते सांगत होता. पार्वतीबाई त्यांना पेज भरवत आणि मान वळवून बाहेर बघत.

डावा ड्रम निघाला तेव्हा शूवरचं अस्तर पापडासारखं सुटून ड्रमलाच चिकटून राहिलं होतं. उजवा त्याहून हट्टी. त्याला ब्लोलॅम्पच्या ज्योतीनं शेकवावं लागलं, आणि तो निघाला तो किंचाळतच. आत मूठभर लाल भुगा होता. पार्वतीबाईंनी तो हातात घेऊन पाहिला. दोन खंडेनवम्यांची पूजा ती हीच, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी हात पदराला पुसला.

मुलगी उत्कर्षा रोज संध्याकाळी येई. ती जयपुरातच वाढलेली, तिचं मराठी अडखळत चाले. "आई, मतलब, बाबांना त्या ट्रकमध्ये चढवणार कसं? श्वास लागतो त्यांना. काही झालं तर?"

"काय व्हायचं ऱ्हायलंय, बाळ?" पार्वतीबाई म्हणाल्या. उत्कर्षा ओट्यापाशी जाऊन नळ सोडून उभी राहिली.

नवे शू बसले, नवी रबरं बसली. आता ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायची होती, आणि त्याला दोन माणसं लागतात. एक चाकाशी, दुसरं पेडलवर. हणमंत शेजारच्याला हाक मारणार तोच पार्वतीबाई साडी खोचून आत चढल्या.

"दाबा, वैनी," गाडीखालून आवाज आला. "धरा. धरून ऱ्हावा. सोडा."

त्या दाबत होत्या, धरत होत्या, सोडत होत्या. सुरुवातीला पेडल पोकळ वाटे, पाय नुसता खाली जाई. होता होता त्यात जीव आला, पायाला उलट जोर लागू लागला. खिडकीतून सर्जेराव बघत होते. बायको ड्रायव्हरच्या सीटवर, हे त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्यांच्या तोंडाचा डावा कोपरा हलला. पार्वतीबाईंना रडू फुटलं, पण पाय पेडलवरून काढता येत नव्हता, म्हणून त्या तशाच रडल्या.

"इंजिनाला अजून आठ-धा दिवस लागतील," हणमंत हात पुसत म्हणाला. "कार्बोरेटर, बॅटरी, समदंच गेलंय."

आत सर्जेरावांचा श्वास दिवसेंदिवस घरघरू लागला होता. पार्वतीबाई ट्रकमधून खाली उतरल्या. मग म्हणाल्या, "इंजिन नको, भावजी. दोर लावा."

हणमंताला ते लगेच कळलं. पलटणीत एक रीत असते. मोठा साहेब निवृत्त झाला की त्याला गाडीत बसवायचं, इंजिन बंद ठेवायचं, पुढे दोरखंड बांधायचे आणि जवानांनी ती गाडी हातांनी ओढत फाटकाबाहेर न्यायची. असे कितीतरी साहेब गेले आणि त्यांच्या गाड्यांना दोर सर्जेरावांनी बांधले. त्यांच्या स्वतःच्या शेवटच्या दिवशी मात्र युनिट सरावासाठी वाळवंटात गेलेलं होतं. काळी ट्रंक घेऊन ते एकटे फाटकाबाहेर आले, ऑटोत बसले आणि वाटेत ऑटोच बंद पडली. "आयुष्यभर साहेबांच्या गाड्या वढल्या, जाताना माझी मीच ढकलली," हा किस्सा ते हसून हसून सांगत. पाहुणेही पोट धरून हसत. पार्वतीबाई नेमक्या त्याच वेळी कप उचलून आत जात.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीतले निवृत्त फौजी जमले. राजपूत होते, जाट होते, दोन-तीन मराठी होते. कुणी जुना ब्लेझर घातला होता, कुणी छातीवर पदकं लावली होती. गच्च्यांवर आदल्या दिवशीचे फाटके पतंग लोंबत होते. चौघांनी सर्जेरावांना खुर्चीसकट उचललं. त्यांना ड्रायव्हरशेजारच्या मानाच्या सीटवर बसवायला लागले तर त्यांनी डावा हात दारावर आपटला. त्यांना ड्रायव्हरच्याच सीटवर बसायचं होतं. मग पार्वतीबाई शेजारी बसून त्यांना धरून राहिल्या, उत्कर्षा मागून उशी दाबून उभी राहिली, आणि हणमंत बाहेर पायरीवर उभा राहून खिडकीतून स्टिअरिंग धरू लागला. त्याने हँडब्रेक खाली केला. दोर ताणले गेले.

ट्रक हलला. चाकं फिरली, काहीही न कुरकुरता. सर्जेरावांनी डावा हात स्टिअरिंगवर ठेवला, आणि हणमंतानं आपली पकड सैल केली. रस्त्याच्या दोन्ही कडांना बायकापोरं उभी होती. कुणीच ओरडलं नाही. ओढणाऱ्यांच्या बुटांचा आवाज तेवढा येत होता. सर्जेरावांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि ते पुसायला त्यांचा हात मोकळा नव्हता.

कोपऱ्यावर वळताना पार्वतीबाईंनी त्यांच्या कानाशी तोंड नेलं. "आवं, गाडी मीच बिघडवली व्हती. धुतली, आन् ब्रेक वढून ठिवला. तुम्ही सांगितल्यावानी."

सर्जेरावांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. "हां," ते म्हणाले. हा हां मात्र पार्वतीबाईंना कळला नाही. रागाचा नव्हता, एवढंच कळलं.

फेरी मारून ट्रक अंगणात आला. दोर सैल पडले, माणसं धापा टाकत उभी राहिली. हणमंत ठोकळे आणायला वळला. तेवढ्यात सर्जेरावांचा डावा हात स्टिअरिंगवरून उतरला, चाचपत खाली गेला, दांडा सापडला, आणि उरलीसुरली सगळी ताकद लावून त्यांनी हँडब्रेक वर ओढला. कट, कट, कट, अगदी शेवटच्या दातापर्यंत.

"साहेब, घरी न्हाई वढायचा," म्हणत हणमंतानं खिडकीतून हात आत घातला. पार्वतीबाईंनी तो हात धरला.

"ऱ्हाऊ द्या."

त्या आठवड्यातच सर्जेराव गेले. झोपेतच गेले, खिडकीकडे तोंड करून. तेरावं झाल्यावर हणमंत पुन्हा आला. या खेपेला त्याने बाभळीचे चार नवे ठोकळे तासून आणले होते. चाकांखाली सारून झाल्यावर तो दाराशी घुटमळला. "वैनी, ब्रेक खाली करू का? न्हाईतर पावसाळ्यात पुन्हा धरंल. एवढं केल्यालं वाया जाईल."

"जाऊ द्या वाया," पार्वतीबाई म्हणाल्या. "त्यांनी उतरायच्या आधी वढलाय. आता मी कशी काढू?"

सर्जेरावांनी तो सवयीने ओढला, की बायकोच्या चुकीत आपलाही हात असावा म्हणून ओढला, हे त्यांना कधीच कळणार नव्हतं. विचारायला कुणी उरलं नव्हतं, आणि असतं तरी उत्तर हां एवढंच आलं असतं.

पुढच्या खंडेनवमीला त्यांनी पहाटेच उठून पाइप लावला. चाकं खराट्यानं घासली. ड्रमच्या फटींतून पाणी आत जाताना त्यांना दिसत होतं, आणि ते आत काय करतं हे आता त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी हार घातला, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. मग आत चढून ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर बसल्या. वर ओढलेल्या त्या दांड्याला हात न लावता, अंगावरची साडी वाळेपर्यंत त्या बसून राहिल्या.