दीड सेकंदाची घाई

छापखान्यातल्या मंडळींनी त्यांना तळटीपराव म्हणायला सुरुवात केली, त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. चहा घेणार का, असं विचारलं तरी गृहस्थ सरळ हो म्हणत नसत. ‘घेईन, म्हणजे तुमचा होत असेल तर, नाहीतर राहू दे,’ असं शेपूट लावत. मुद्रितं तपासण्यात मात्र त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. निवृत्तीनंतरही एका प्रकाशकाची पुस्तकं ते घरी तपासून देत.

गेल्या महिन्यात कधी नव्हे ते घडलं. एका जाडजूड पुस्तकात शहाण्णवावं पान दोनदा छापून आलं, आणि ते त्यांच्या नजरेतून सुटलं.

प्रकाशक हसून विसरला. तळटीपरावांचं मात्र जेवणावरून मन उडालं. आपला मेंदू वाळत चाललाय, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. मग नावं आठवेनाशी झाली, चष्मा सापडेनासा झाला. अखेर बायकोने त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, “मेंदूला रक्त किती पोचतंय ते मोजून घेऊ. एमआरआयमध्ये होतं.”

टेबलावर चारशे पानांचं नवं काम पडलं होतं. तळटीपरावांनी प्रकाशकाला पत्र लिहिलं, ‘हे काम यापुढे माझ्याकडून व्हायचं नाही.’ पाकिटावर तिकीट चिकटवलं आणि ते खिशात ठेवलं. मेंदू कोरडा निघाला, तर परतताना पेटीत टाकायचं. चाळीस वर्षांचं काम त्या पाकिटात बंद होणार होतं.

तपासणीच्या दिवशी आत जाण्याआधी घड्याळ, किल्ल्या, चष्मा, पेन असं सगळं काढून त्यांनी बायकोच्या ओच्यात ठेवलं. शेवटी पाकीट निघालं.

“हे काय?”

“ते असंच.”

“तिकीट लावलेलं असंच?” बायको म्हणाली. पण तेवढ्यात तंत्रज्ञ मुलीने हाक मारली.

मुलगी हसतमुख होती. म्हणाली, “इंजेक्शन वगैरे काही नाही, काका. मानेतून वर जाणाऱ्या रक्तावर हे मशीन चुंबकाने एक खूण करतं. मग थोडं थांबायचं. खुणेचं रक्त मेंदूत पोचलं की चित्र काढायचं. नंतर खूण न करता तसंच दुसरं चित्र. दोन्हींत जो फरक, ते नवीन आलेलं रक्त.”

तळटीपराव जरा खुलले. “म्हणजे दोन प्रती शेजारी ठेवून फरक शोधायचा.”

“अगदी तसंच. फक्त फरक शंभरात एखादाच, म्हणून पुन्हा पुन्हा चित्रं काढावी लागतात. पाच मिनिटं हलायचं नाही.”

“नाही हलणार. म्हणजे, प्रयत्न करीन.”

“त्याची काळजी नको,” बायको म्हणाली. “पुस्तक हातात असलं की हे दिवसभर हलत नाहीत.”

आजाराची माहिती विचारताना प्रत्येक उत्तराला शेपूट येऊ लागलं, तेव्हा मुलीने काकूंनाच काचेपलीकडच्या खोलीत शेजारी बसवून घेतलं. तळटीपरावांच्या कानांवर जाड हेडफोन आले, डोक्यावर पिंजरा आला, हातात रबरी फुगा आला. काही लागलं तर दाबायचा. आत सरकल्यासरकल्या नाक खाजायला लागलं, पण एवढ्यासाठी कुणाला कशाला त्रास द्या, म्हणून त्यांनी ते सोसलं.

मशीन खडखडलं, घुमलं आणि थांबलं. पलीकडे बोलायचं बटण चालूच राहिलं असावं, कारण मुलीचा आवाज थेट कानात आला.

“रक्ताच्या नळ्यांमध्ये ठिपके दिसताहेत, पण पुढे मेंदूत काहीच नाही. रक्त पोचलेलंच दिसत नाही.”

तळटीपरावांनी डोळे मिटले. झालं तर. पत्रातला मजकूर त्यांनी मनात पुन्हा तपासला. त्यात दुरुस्ती नव्हती.

मग बायकोचा आवाज आला. “तुम्ही किती वेळ थांबलात?”

“दीड सेकंद, काकू.”

“दीड सेकंद?” बायको म्हणाली. “अहो, आमच्या लग्नाला हा माणूस पाऊण तास उशिरा आला. वाटेत पुस्तकांचं दुकान लागलं. सगळे म्हणाले, नवरा पळाला. मी म्हटलं, पळणं त्याला झेपायचं नाही, थांबा. यांचं रक्तही यांच्यासारखंच असणार ना? थोडं थांबून बघा.”

पलीकडे कळफलकाची टकटक ऐकू आली.

“अरे देवा,” मुलगी हळूच म्हणाली. “सकाळी एका लहान मुलीची तपासणी झाली. दीड सेकंद तिच्यासाठी ठेवला होता, मी तो बदललाच नाही. सत्तरीपुढच्यांना दोन सेकंद द्यावे लागतात. काका, ऐकताय? माझी चूक झाली. पाच मिनिटं आणखी.”

“हरकत नाही,” पिंजऱ्यातून आवाज आला. “म्हणजे, नाक तेवढं खाजवू का?”

दुसऱ्या वेळी मशीन घुमत असताना त्यांनी श्वाससुद्धा बेताने घेतला. ते थांबलं, आणि कानात बायको म्हणाली, “आला बघा उजेड. पोचले एकदाचे.”

चार दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी चित्र समोर धरलं. “रक्तपुरवठा वयाला साजेसा आहे. मला सांगा, ते पान सुटलं त्या दिवशी किती पानं तपासली होती?”

“दीडशे. प्रकाशक घाईत होते, आणि नाही कसं म्हणायचं.”

“एरवी किती तपासता?”

“चाळीस.”

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही आकडे कागदावर शेजारी शेजारी लिहिले. मग तळटीपराव स्वतःच कानापर्यंत लाल झाले.

घरी बायकोने पाकीट त्यांच्यासमोर ठेवलं. फोडलेलं होतं. “वाचलं मी. अक्षर सुंदर आहे, मजकूर भिकार आहे. दुसरं लिहा.”

त्यांनी लिहिलं, ‘पुस्तक करतो. दोन आठवडे लागतील.’ पुढे ‘अर्थात आपल्याला अडचण नसेल तर’ असं लिहायला पेन टेकवलं, तेव्हा बायको खांद्यावरून वाकून बघत होती. त्यांनी पूर्णविराम दिला.

जुन्या पाकिटावरचं तिकीट नव्याला लावायला तिने चहाच्या किटलीच्या वाफेवर धरलं होतं. ते सुटायला वेळ लागला. दोघंही थांबली.