काही नवीन?

मावशींनी साहेबांना काखेत हात घालून उचललं, तेव्हा त्यांचा एक पाय स्टुलावर होता आणि दुसरा बाल्कनीच्या कठड्याच्या आडव्या गजावर.

ओरडायचं नाही, हे मावशींना ठाऊक होतं. ओरडलं की मूल दचकतं, आणि दचकलं की तोल जातो. म्हणून स्वयंपाकघराच्या दारापासून कठड्यापर्यंत त्या ओठ मिटून, दुखऱ्या गुडघ्याला न जुमानता, पावलांचा आवाज न करता गेल्या होत्या. आता मात्र पोराला छातीशी घट्ट धरून त्यांनी तिथेच फरशीवर बसकण मारली. खाली रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. साहेब भयंकर चिडले होते. त्यांचं महत्त्वाचं काम अर्धवट राहिलं होतं.

साहेब हे मावशींनी दिलेलं नाव. वर्षाच्या आतबाहेरचं पोर, डोक्यावर केस नावालाच, आणि कपाळाला आठी घालून असं बघायचं की समोरच्याला आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटावं. आत गादीवर ढोलकी होती, जी हाताला लागेल ते बडवायची. चिमणी होती, जिच्या पोटात चार घास गेले तरी नशीब. आणि गाठोडं होतं, ज्याला अजून झोपण्यापलीकडे काही येत नव्हतं. आईबाप कामावरून येईपर्यंत ही चौघं मावशींच्या जिवावर असत.

घर मावशींनी त्यांच्या मापाचं करून घेतलं होतं. गुडघ्याच्या उंचीपर्यंत सगळं पोरांचं राज्य. टेबलाच्या कोपऱ्यांना जुन्या चादरींच्या पट्ट्या गुंडाळलेल्या, खालचे खण दोरीनं बांधलेले, फरशीवर टाचणीसुद्धा सापडायची नाही. गुडघ्याच्या वर मात्र ते चारचौघांसारखं घर होतं. सुरी, काडेपेटी, गरम कप, दाराच्या कड्या, सगळं जागच्या जागी. रांगणाऱ्या मुलाला त्याची गंधवार्ताही नसे.

म्हणूनच मावशी पहिल्या भेटीतच आईबापांना स्वच्छ सांगत, “रांगेपर्यंत माझं. चालायला लागलं की दुसरी सोय बघायची.” कारण गुडघ्याचं द्यायच्या. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. पूर्वी एकदा एक चालतं पोर त्यांच्या उघड्या दारातून जिना उतरून रस्त्यावर गेलं होतं. सापडलं, धडधाकट सापडलं, पलीकडच्या दुकानाच्या पायरीवर बसलेलं. पण ते सापडेपर्यंत मावशींचं जे झालं, ते त्यांना पुन्हा होऊ द्यायचं नव्हतं.

दुसरा एक नियम होता, तो त्या कुणाला सांगत नसत. एखाद्यानं पहिलं पाऊल त्यांच्याकडे टाकलं, तर त्याची वाच्यता करायची नाही. दिवसभर कामाला जुंपलेल्या बाईला संध्याकाळी दारातच “आज चालला हो” असं सांगणं म्हणजे तिच्या ताटातलं आपण आधीच खाऊन टाकणं, असं त्यांना वाटे. त्या फक्त विचारत, “काही नवीन?” एकदोन दिवसांत आई धावतच यायची, “मावशी, काल चालला!” मग मावशी तोंडावर हात ठेवून अशा चकित व्हायच्या, की नाटकवाल्यांनी शिकून घ्यावं. आणि महिनाअखेरीला ते मूल जायचं.

साहेब आठवड्यापूर्वीच चालले होते, गादीपासून थेट कपाटापर्यंत, तेही अगदी सरावल्यासारखे. तेव्हापासून मावशी रोज संध्याकाळी विचारत होत्या आणि त्यांची आई रोज सांगत होती, “काही नाही हो. रांगतोय अजून. आळशी आहे नुसता.”

मावशी मनाशी म्हणायच्या, घरी लाजत असेल. उद्या चालेल. पण आज स्टूल ढकलत बाल्कनीत नेण्याइतकी साहेबांची मजल गेली होती. त्यांनी स्टूल उचलून कपाटावर ठेवलं. मग बाल्कनीचं दार लावलं. मग कडी लागली आहे ना, ते पुन्हा जाऊन पाहिलं.

संध्याकाळी साहेबांची आई आली, ती धापा टाकतच. ती औषधांच्या दुकानात कामाला होती. नवरा ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी.

“काही नवीन?” मावशींनी विचारलं. आवाज जरा चढाच लागला.

“कुठलं काय!” ती पिशवीची चेन लावत म्हणाली. चेन अडकली होती.

“धरून उभाबिभा राहतो का?”

“नाही हो. जिथे ठेवू तिथे बसतो. द्या लवकर, मावशी, दुकानात माल आलाय. याला घरी सोडून मला परत जायचंय.”

“आणि घरी कोण?”

“बाबा आहेत ना.”

बाबा म्हणजे तिचे सासरे. डोळ्यांनी अधू. समोर माणूस उभा आहे एवढं कळायचं, कोण ते आवाजावरून.

“त्यांना दिसतं का एवढं?”

“दिसायचंय काय त्यात? हा कुठे जाणार आहे?”

मावशींनी तोंड उघडलं. चालतो तो, पळतो, चढतो, सगळं अगदी ओठांवर आलं होतं. पण तेवढ्यात साहेबांनी आईच्या खांद्यावर गाल टेकला, आणि तिनं डोळे मिटून त्यांच्या टकलाचा वास घेतला, दिवसभराचा साचलेला. मावशी बोलायच्या आतच आई जिना उतरून गेलीसुद्धा.

ढोलकी गेली, गाठोडं गेलं. चिमणीचा बाप नेहमीप्रमाणे उशिरा येणार होता. मावशी तिला केळं भरवायला बसल्या आणि पहिल्याच घासाला त्यांचा हात वाटेत थांबला.

जिना.

साहेबांची दुधाची बाटली राहिली होती म्हणून त्या एकदा त्यांच्या घरी गेल्या होत्या. शिंप्याच्या दुकानावरची एक खोली. खोलीच्या दारातूनच लाकडी जिना सुटायचा तो थेट रस्त्यावर. उभा, अरुंद, एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला हाताला धरायला दोर. दार लावलं की खोलीत घुसमटतं म्हणून ते सताड उघडंच असतं, असं तेव्हा तीच म्हणाली होती.

मावशींनी फोन लावला. वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला. दुकानात फोन जवळ ठेवू देत नाहीत, हे त्यांना माहीत होतं, तरी तिसऱ्यांदा लावला. मग चिमणीच्या बापाला फोनवर सांगितलं, “पोरीला घेऊन जरा बाहेर चाललेय, येऊन थांबा,” आणि त्याचं उत्तर पुरतं ऐकूनही न घेता चिमणीला कडेवर मारून त्या निघाल्या.

चिमणी चिमणीएवढी असली तरी वळणापर्यंत ती पोत्याएवढी झाली. रस्त्यात कामावरून परतणाऱ्यांची गर्दी होती. मावशी कुणाला खांदा लावत, कुणाच्या शिव्या खात पुढे जात होत्या. गुडघा ठणकत होता. ‘पहिलं पाऊल आईचं!’ त्या मनातल्या मनात स्वतःला फाडून खात होत्या. ‘मोठी आली समजूतदार. पोर जिन्यावरून गडगडलं तर काय सांगशील तिला? तुझ्यासाठी ठेवलं होतं म्हणून?’ चिमणी त्यांच्या कानातल्या रिंगेशी खेळत होती. तिला हे फिरणं फार आवडलं होतं.

शिंप्याच्या मशीनचा आवाज येत होता. जिन्याच्या तोंडाशी अंधारलेलं होतं, वर दार उघडं, आणि त्यातून दिव्याचा उजेड पायऱ्यांवर सांडलेला. मावशींनी दोर धरला आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

वरून आवाज आला. थप, थप, थप.

मावशींनी मान वर केली. उजेडात साहेब उभे होते. कपाळाला आठी. त्यांनी मावशींना ओळखलं, आठी विरली आणि दोन्ही हात पसरून ते निघाले.

“थांब रे,” मावशी म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. आवाज कुठून आला ते त्यांचं त्यांना कळलं नाही. एका कडेवर चिमणी, दुसऱ्या हातात दोर, आणि मधे अख्खा जिना. गुडघा मोडला तर मोडो म्हणून त्यांनी दोन-दोन पायऱ्या घ्यायला सुरुवात केली. साहेबांचा वेग काही कमी झाला नाही.

आणि मग ते थांबले. छातीपाशी काहीतरी आडवं आलं. त्यांनी त्यावर दोन्ही हात ठेवले, हनुवटी टेकली आणि दुकानदार गल्ल्यावरून बघतो तसे खाली बघत राहिले.

दाराच्या चौकटीत फळी होती. रुंद, जाड, दोन्ही बाजूंना खाचेत बसवलेली. कडा घासून गुळगुळीत केलेल्या. वरची कड मधोमध काळपट झाली होती, रोज रोज कुणीतरी हात ठेवून.

“साहेब,” आतून म्हाताऱ्याचा निवांत आवाज आला. हे नाव या घरीही पोचलं होतं तर. “फळीपाशी किती वेळ उभं राहायचं? चला, चक्कर मारा परत. मी ऐकतोय.”

मावशी फळीपर्यंत पोचल्या आणि वरच्या पायरीवर मटकन बसल्या.

“कोण?” म्हाताऱ्यानं विचारलं.

“मी. सांभाळणारी.”

“मावशी होय! या, या. फळी उचलून बाजूला ठेवा. याच्यासाठीच आहे ती.” म्हातारा खुशीत होता. “चालायला लागला त्याच्या दुसऱ्याच दिवशी सुनेनं करून घेतली. महिना झाला असेल. मला दिसत नाही नीट, पण ऐकू आलं बरं का. रांगण्याचा आवाज घसटता असतो. एक दिवस एकदम थप झालं, आणि पुन्हा थप. मी जागच्या जागी बसून राहिलो. म्हटलं, हललो तर थांबेल.”

महिना. मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

खाली जिना करकरला. साहेबांची आई वर येत होती. फळीशी टेकलेल्या मावशी तिनं पाहिल्या, पलीकडे उभा मुलगा पाहिला, आणि ती मधल्याच पायरीवर थबकली.

“आज तो माझ्या बाल्कनीच्या कठड्यावर चढत होता,” मावशी म्हणाल्या. “स्टूल नेऊन.”

तिनं भिंतीला हात लावला.

“मला माहीत असतं तर स्टूल वर ठेवलं असतं मी. दाराला कडी लावली असती. एवढी फळी ठोकून घेतलीस आणि मला एका शब्दानं सांगू नयेस?”

“तुम्ही काढून टाकलं असतं त्याला.” तिचा आवाज अगदी लहान झाला. “सगळीकडे विचारून झालं, मावशी. चालणारं कुणी घेत नाही. आणि बाबांच्या भरवशावर तास-अर्धा तास ठीक आहे, दिवसभर कसं?”

“म्हणून माझ्या गळ्यात धोंडा बांधायचा?”

“चुकलं माझं.” मग तिनं वर पाहिलं. “पण तुम्हाला... तुम्हाला आजच कळलं?”

मावशींनी चिमणीच्या झबल्याचं बटण उगाचच लावलं. “आठवडा झाला.”

“मग बोलला का नाहीत?”

“पहिलं पाऊल तुझं. मी कशाला सांगू?”

तिनं मान खाली घातली. म्हणाली, “ते मला मिळालंच नाही. बाबांनीच ऐकलं. मी दुकानात होते.”

खालचं मशीन थांबलं होतं. चिमणीनं फळीच्या वरून हात नेऊन साहेबांचं नाक धरलं, आणि साहेबांनी, कधी नव्हे ते, धरू दिलं.

मावशी दोराला धरून उठल्या. गुडघा सरळ व्हायला वेळ लागला. फळीच्या कडेवरून त्यांनी बोट फिरवलं, एकीकडून दुसरीकडे. कुठे कुसळ लागलं नाही.

“कुणी केली ही?”

“पलीकडच्या सुतारानं.” तिनं डोळे पुसले. “का?”

“उद्या सकाळी पाठव त्याला,” मावशी म्हणाल्या, आणि चिमणीला दुसऱ्या कडेवर घेऊन एकेक पायरी उतरू लागल्या. “बाल्कनीच्या दाराचं माप घ्यायचंय. आणि जिन्याच्या दाराचंही.”