आळशी आर

बापाच्या थडग्याचा दगड पिकअपच्या हौद्यात चढवून झाल्यावर वेंडेल रोलिन्सने त्याच्यावर घोंगडी पांघरली आणि चारी बाजूंनी नीट खोचली. दगडावर कोरलेला इंग्रजी आर आडवा होता.

वायोमिंगच्या त्या खोऱ्यात माणसाचं नाव चर्चपुरतं. बाकी ओळख म्हणजे गुरांच्या बरगडीवर डागलेली खूण. वेंडेलच्या बापाची, अमोस रोलिन्सची, खूण आर, ताठ उभा. शेजारच्या लायमन पिकेटचीही आरच, पण उताणा पडलेला. अक्षर असं आडवं पडलं की तिकडे त्याला आळशी म्हणतात. पिकेटच्या आजोबाने रोलिन्सच्या आजोबाला डिवचायलाच आळशी आर नोंदवला, असं अमोस सांगायचा. पिकेटही तेच सांगायचा, फक्त हसत हसत. दोघं चाळीस वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते. अमोसला पुरलं त्या दिवशी पिकेट आला खरा, पण कुंपणाबाहेर उभा राहिला आणि गेलेल्याला मान म्हणून डोक्यावरची हॅट काही त्याने काढली नाही.

जाण्याआधी अमोसने एकच मागितलं होतं. "दगडावर माझी खूण घाला. बाकी काय लिहायचं ते लिहा."

हे काम वेंडेलकडे आलं. वेंडेल डेन्व्हरला पोहण्याच्या तलावांचे पंप विकायचा, म्हणजे घरच्यांच्या मते अजून काही करत नव्हता. त्याने डागणीच्या लोखंडाचा फोटो काढून पाठवला. फोन आडवा धरला होता. पाथरवटाने जसं आलं तसं कोरलं, आणि दुर्दैवाने फार सुबक कोरलं. दुसरा दगड मिळायचा तो वसंतात. इकडे सगळं खोरं दुपारी दगड बसवायला जमणार, खड्डा खणून तयार. थोडक्यात, अमोस रोलिन्स निदान येता हिवाळा तरी पिकेटच्या खुणेखाली काढणार होता, आणि हे अजून त्याच्या बायकोला माहीत नव्हतं.

ती, इडेला, मांडीवर बटाट्याच्या सॅलडचं पातेलं घेऊन शेजारी बसली होती.

"घोंगडी कशाला रे?"

"धूळ बसते, आई."

"थडग्याच्या दगडावर धूळ बसू नये म्हणून घोंगडी. पंप विकून विकून नाजूक झालास तू."

रस्त्याच्या कडेला जागोजागी इतिहासाच्या पाट्या होत्या. पन्नास वर्षांच्या संसारात अमोसने एकाही पाटीपाशी गाडी थांबवली नव्हती, म्हणून इडेलाने आज सगळ्या वाचायचं ठरवलं होतं. पहिल्या पाटीवर लिहिलं होतं, की इथे गुरांचा एक मोठा कळप थांबला होता.

"मग?" वेंडेलने विचारलं.

"मग पुढे गेला असेल. चल."

दुसऱ्या पाटीपाशी म्हणे एका गुरंचोराला झाडाला लटकवलं होतं. झाड कुठे दिसेना. खाली बारीक अक्षरांत खुलासा होता, की झाड दुसरीकडे होतं.

"खुणा बदलून जनावरं पळवत होता," इडेला चष्मा पुसत म्हणाली. "बरं केलं."

वेंडेल बाटलीभर पाणी प्यायला.

पेट्रोल भरायला थांबले तेव्हा ती कॉफी आणायला आत गेली. तेवढ्यात एका म्हाताऱ्याने येऊन घोंगडीचा कोपरा उचलला. दुसऱ्याच्या हौद्यात डोकावणं तिकडे आगाऊपणात मोडत नाही, नमस्कारात मोडतं. त्याने हॅट छातीशी धरली.

"गेला का पिकेट?"

"नाही, चांगला ठणठणीत आहे."

"मग तुमचीच घाई झाली," म्हातारा म्हणाला आणि त्याने कोपरा होता तसा खोचून ठेवला.

पुढच्या वळणावर अख्खा रस्ता काळ्या गाईंनी भरला होता. थंडीच्या आधी डोंगरावरून गुरं खाली आणायचे दिवस. वेंडेलने गाडी थांबवली. गाई दोन्ही काचांना घासत चालल्या होत्या, आणि प्रत्येकीच्या बरगडीवर आळशी आर. एकीने हौद्यात तोंड घातलं, घोंगडी दातांत धरली आणि ती घेऊन शांतपणे पुढे निघून गेली.

इडेलाने मागे वळून काचेतून दगडाकडे पाहिलं. मग गाईंकडे पाहिलं. मग परत दगडाकडे.

कळपाच्या शेवटी, चार चाकांच्या मोटरसायकलवर, हॅट कानांपर्यंत ओढलेला लायमन पिकेट आला. हौद्यापाशी थांबून त्याने दगड निरखला.

"इडेला, आमचं एक जनावर चुकून तुमच्या गाडीत चढलंय."

"लायमन, तू तुझ्या गाई सांभाळ. माझी घोंगडी घेऊन गेलीय त्यातली एक."

"कुठे उतरवताय ते बघायला येतो मी. माझ्या खुणेचं आहे, मला आलंच पाहिजे."

गाडी पुन्हा सुरू झाली. इडेलाने विचारलं, "फोटो काढताना फोन कसा धरला होतास?"

"आडवा."

"हं," ती म्हणाली. "पुढची पाटी आली की थांब."

टेकडीवरच्या दफनभूमीत सगळे जमले होते. सिमेंट कालवून तयार होतं आणि वारा नेहमीसारखा उभं राहू देत नव्हता. प्रत्येकाने दगड पाहिला आणि प्रत्येक जण आपापल्या बुटांकडे पाहू लागला. मग सूचना आल्या. एक म्हणाला, सिमेंटने बुजवून टाका. दुसरा म्हणाला, वर फुलं ठेवत जा, बरीच. पिकेट या वेळी कुंपणाच्या आत आला होता. तो एका बाजूला हाताची घडी घालून उभा होता आणि मजेत दिसत होता.

पाथरवटाला दाखवायचा म्हणून वेंडेलने दगडाचा फोटो काढला. फोटो बघायला त्याने फोन फिरवला आणि तो तसाच थांबला. पडद्यावर बापाचा आर ताठ उभा होता.

"आई, हे बघ."

इडेलाने बघितलं. "असाच बसवा."

"अगं, पण मग नावं वरून खाली जातील. बाबांचं आणि आधीच कोरून ठेवलेलं तुझंही."

"मला काय वाचायचंय? इथे नाव वाचायला येतं कोण? दगड फिरवा."

चौघांनी दगड कुशीवर वळवला आणि खड्ड्यात उतरवला. आर उभा राहिला, अमोसला आवडला असता इतका ताठ. त्याच्या बाजूने दोघांची नावं, पाणी गळावं तशी वरून खाली उतरत होती. कोणीतरी टाळ्या वाजवल्या आणि बाकीच्यांनी पाहिलं तसा थांबला.

पिकेटच्या हाताची घडी सुटली. तो पुढे आला.

"यात काय वाचायचं माणसाने? काही लागत नाही."

"मान उजवीकडे कर," वेंडेल म्हणाला.

पिकेटने मान कलती केली. अजून थोडी केली. मग कंबरेतून वाकून पार खांद्यावर टेकवली, ओठ हलवत अमोसच्या नावापर्यंत पोचला, आणि तेवढ्यात वाऱ्याने हॅट उचलून थडग्याच्या पायाशी, ओल्या सिमेंटमध्ये, उपडी टाकली. त्याचं टक्कल तिथल्या कोणीही आजवर पाहिलेलं नव्हतं. ते पांढरंशुभ्र होतं.

तो हॅट उचलायला वाकू लागला.

"राहू दे ती," इडेला म्हणाली. "सावकाश वाच, लायमन. तळाशी माझंही आहे."