वाफ न धरणारा आरसा

मित्रांनो, मी एक आरसा आहे. जुना म्हणवून घ्यावे एवढे काही माझे वय नाही. या न्हाणीत येऊन येत्या दिवाळीला सहा वर्षे पूर्ण होतील. पण ओल, साबण आणि गरम वाफ यांच्या संगतीत काढलेली सहा वर्षे म्हणजे बैठकीच्या खोलीतली वीस समजा. माझ्या खालच्या कडेला दोन काळे डाग पडले आहेत. तरीही सकाळी बटण दाबले की माझ्या चारी बाजूंनी पांढरा उजेड फुटतो आणि समोरचा चेहरा लख्ख दिसतो.

एका कारखान्यात मी तयार झालो. आधी नुसती काच होतो. मग माझ्या पाठीवर चकचकीत मुलामा चढला, कडेने बारीक दिव्यांची पट्टी बसली आणि पाठीच्या मधोमध, विजेवर तापणारा कागदाइतका पातळ एक तुकडा चिकटवला गेला. तो कोमट झाला की मीही कोमट होतो. वाफ थंड काचेवर बसते. कोमट काचेवर तिला बूड टेकता येत नाही. एवढीच माझी विद्या.

तिथून मी सांगलीला श्रेणिकशेठच्या दुकानात आलो. नळ, बेसिन आणि फरशांच्या त्या दुकानात मी वर्षभर भिंतीवर टांगून होतो. कोणी विचारले की शेठ चहाची किटली उकळून माझ्यासमोर धरायचे. शेजारच्या साध्या आरशाचे तोंड लगेच पांढरे व्हायचे आणि माझ्यात मात्र गिऱ्हाइकाच्या मिशीचा केस न् केस दिसायचा. पण शेठ माणूस सरळ. ते पुढे सांगायचे, "बटण दाबून चार मिनटं थांबायचं. मधला भाग स्वच्छ राहतो, कडेला मात्र वाफ धरणारच. आणि लाइट गेली की हा बी साधाच आरसा."

हे ऐकून गिऱ्हाईक म्हणायचे, "मग पुसूनच बघतो की!" आणि हसत निघून जायचे. मला शेठचा रागच यायचा. एवढे खरे बोलायची काय गरज होती?

शेवटी एक जण न हसता उभा राहिला. तो कडेगावचा शिवतेज. फौजेत होता, सुट्टीवर आला होता, आणि त्याच्या हनुवटीवर दाढी करताना कापल्याच्या दोन ताज्या खुणा होत्या. त्याने मला घरी नेले.

त्या घरात तिघेच. शिवतेज, त्याची आई हरणाबाई आणि बायको क्रांती. क्रांती मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका होती आणि तिचा खो-खोचा संघ तालुक्यात नावाजलेला होता. मला भिंतीवर लावताना हरणाबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या.

"आरशाला बटण?" त्या म्हणाल्या. "उद्या कंगव्याला बी बटण आन बाबा."

मी लवकरच कामाला लागलो. हरणाबाईंचा तांब्याचा बंब मागच्या पडवीत धडधडायचा. त्या बंबाचे कढत पाणी बादलीत आले की न्हाणीत ढग उतरल्यासारखे व्हायचे. त्या ढगात मी एकटाच डोळे उघडे ठेवून असायचो. शिवतेजची दाढी बिनघोर होऊ लागली. शेजारीपाजारी मला बघायला यायचे, बटण दाबून बघायचे. सुट्टी संपवून शिवतेज निघून गेला आणि हळूहळू माझे कौतुकही संपले. बटणाला कुणी हात लावेना. क्रांती घाईत वेणी घालायची आणि शिट्टी गळ्यात अडकवून मैदानावर पळायची.

मग डिसेंबरातली ती सकाळ आली. क्रांती दात घासत होती. चूळ भरली तर पाणी ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून खाली गळाले. तिने पुन्हा चूळ भरली, पुन्हा तेच. तिने माझे बटण दाबले. माझ्या उजेडात तिला दिसले, की चेहऱ्याची डावी बाजू खाली ओघळली आहे आणि डावा डोळा मिटत नाही.

तिने हाक मारली ती नीट उमटलीच नाही. हरणाबाई धावत आल्या, एक नजर टाकली, आणि शेजाऱ्याची गाडी काढून तासाभरात तिला सांगलीच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी सगळे तपासले. मेंदूला काही नव्हते. चेहऱ्याच्या नसेला सूज आली होती. औषधे दिली, आणि बहुतेकांचे हे बरे होते, पण काही आठवडे लागतील असे सांगितले. वेळेवर आलात, असेही म्हणाले. परत आल्यावर हरणाबाई हे शेजारणीला सांगत होत्या, ते मी ऐकले आणि मला माझा थोडा अभिमान वाटला.

तो फार टिकला नाही. दुसऱ्या दिवशी क्रांतीने माझ्यावर टॉवेल टाकला.

मित्रांनो, आरशासाठी याहून मोठी शिक्षा नाही. आठ दिवस मी त्या टॉवेलाआड अंधारात होतो. बाहेरचे फक्त ऐकू यायचे. एके दिवशी संघातल्या मुली दारात आल्या. त्यांची कर्णधार अपेक्षा विचारत होती, "मॅडम कवा येनार? जानेवारीत जिल्ह्याच्या मॅची हायत."

क्रांती न्हाणीत येऊन कडी लावून बसली. तिने हळू आवाजात त्या मुलीचे नाव घेऊन बघितले. ओठ जुळत नव्हते. 'अपेक्षा'मधला 'पे' नुसताच हवा होऊन निघून गेला. ती गळ्यातली शिट्टी फुंकू लागली, तर तिचीही हवाच झाली. मग ती रडली. मुली परत गेल्या.

हरणाबाईंनी दार वाजवून तिला कडी काढायला लावली.

"किती दिस टावेल बघत बसनार हाईस?"

"आत्या, माझं तोंड वाकडं झालंय. मला न्हाई बघवत."

"वाकडं झालंय, व्हय ना? मग सरळ व्हताना बघायला नको?" आणि त्यांनी टॉवेल ओढून बादलीत टाकला.

सांगलीला चंदनाताई नावाच्या व्यायाम शिकवणाऱ्या बाई होत्या. त्यांनी सांगितले होते, की कोमट टॉवेलाने गाल शेकायचा आणि गाल ऊबदार आहे तोवरच आरशात बघत चेहऱ्याचे व्यायाम करायचे. म्हणजे कढत पाण्याची बादली, तिची वाफ आणि आरसा, सगळे एकाच वेळी हवे होते. वर्षभर किटलीसमोर उभा राहिलो तो याचसाठी, असे मला वाटले.

रोज सकाळी बादली यायची, दार बंद व्हायचे, वाफ भरायची. कडेच्या बोटभर पट्टीवर पांढरा थर जमायचा, पण मध्ये तिचा चेहरा स्वच्छ दिसायचा. भुवया वर, नाक मुरड, गाल फुगव, ओठांचा चंबू. मग ओठांचे शब्द: पपई, फणस, बोर, भोपळा. क्रांतीचा 'भोपळा' हवेत फुटायचा. हरणाबाई शेजारी उभ्या राहून स्वतःही गाल फुगवायच्या. त्यांना दात थोडेच. त्यांचा 'फणस' तर तिच्याहून वाईट निघायचा. पंधरा दिवसांत क्रांती पहिल्यांदा हसली ती त्यांच्या फणसाला. हसू अर्ध्याच तोंडावर आले, पण आले.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी व्यायाम नुकताच सुरू झाला आणि लाइट गेली. उजेड विझला. मी बघता बघता गार पडलो आणि वाफेने मला झाकून टाकले. उंचावरच्या झरोक्यातून आलेला उजेड होता, पण वाफेआडून मला कुणाचा चेहरा कुठे दाखवता येत होता? श्रेणिकशेठचे शब्द खरे झाले होते. क्रांती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आत्या आज."

"का म्हनून? मी हाय की." हरणाबाईंनी पदराचे टोक घेतले आणि मला पुसले. क्षणभर दिसले, पुन्हा धुके. पुन्हा पुसले. एका हाताने माझ्यावर पदर फिरवत त्या म्हणत राहिल्या, "म्हन, पपई. म्हन, बोर." आणि दहाव्या की बाराव्या वेळी, पदर बाजूला होताच, क्रांतीच्या ओठाचा डावा कोपरा तांदळाएवढा वर सरकलेला दिसला.

"आत्या, हाललं!"

"बघू! परत कर!" हरणाबाईंनी मला इतके जोरात पुसले की खिळा हलला. मित्रांनो, त्या दिवशी माझी विद्या काहीच कामी आली नाही, तरी माझ्या आयुष्यातली सर्वांत आनंदाची सकाळ तीच.

पुढे रोज थोडे थोडे होत गेले. डोळा मिटू लागला. चूळ गळायची थांबली. जानेवारीच्या मध्यावर एका सकाळी क्रांतीने पुन्हा शिट्टी ओठांत धरली. डोळे माझ्यावर रोखले आणि फुंकली. बंद न्हाणीत असा कर्कश आवाज घुमला की माझी काच झणझणली. बाहेरून हरणाबाई ओरडल्या, "अगं, कान फुटलं की माझं! परत वाजीव!"

त्याच दिवशी ती मैदानावर गेली. पुढच्या आठवड्यात जिल्ह्याच्या सामन्यांत मुली दुसऱ्या आल्या. त्या संध्याकाळी सगळ्या घरी आल्या आणि आमच्या न्हाणीत मातीने भरलेले हातपाय धुवून गेल्या. जाताना प्रत्येकीने माझे बटण दाबून बघितले.

आजही क्रांती फार दमली की तिचे हसू डावीकडे जरा मागे राहते. ती ते लपवत नाही. गेल्या महिन्यात पलीकडच्या गल्लीतल्या राहीबाईंना हाच त्रास झाला. त्या तोंडावर पदर धरून आल्या. क्रांतीने त्यांना माझ्यासमोर उभे केले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "पैल्या दिवशी लय वाईट वाटतं. मी हाय हितंच. हळूच पदर काढा."

राहीबाईंना पदर काढायला बराच वेळ लागला. आम्ही दोघेही थांबलो.

मित्रांनो, फरशी धुण्याचे ॲसिड माझ्या कडांवर उडू देऊ नका. माझे काळे डाग त्याचेच आहेत. मला कोरड्या मऊ फडक्याने पुसा, आणि काम झाले की बटण बंद करा. असे केलेत तर मी आणखी खूप वर्षे टिकेन. मला टिकायचे आहे. राहीबाईंचा 'भोपळा' अजून ओठांतून नीट निघायचा आहे.