विहिरीत टाकलेला फोन

हिलालने फोन विहिरीत टाकला आणि बुडबुडे थांबेपर्यंत कठड्यावरून वाकून पाहत राहिला. घरातलं भंगलेलं, दृष्ट लागलेलं पाण्यात सोडायची त्यांच्याकडे चालच. त्यात हिलाल पंपमेकॅनिक; गिरणाकाठच्या विहिरींशी त्याची सोयरीक. एकदा मोटार ओढताना सोबत जिवंत बोकड वर आला आणि त्यालाच ढुशी मारून गेला, असं तो शपथेवर सांगायचा.

"सुटलं बठ्ठं," सगळंच मिटल्यासारखं तो लेकीला, पुनमला म्हणाला.

पुनम बारावीला. प्रेमाच्या भरात एका पोराला तिने स्वतःचा नको तो फोटो पाठवला होता. आता तो 'गावभर दाखवतो' म्हणून धमकावत होता. तिने रडत एवढं सांगितलं आणि पुढचं ऐकायच्या आत बापाने फोन हिसकावला.

"आबा, फोटो त्यानापाशी शे," पुनम म्हणाली. "मना फोनमा त्यान्या धमक्या व्हत्यात. त्याच कॉलेजन्या ज्योती मॅडमले दखाडणार व्हतू."

त्या दिवसापासून टपरीवर कुणी मोबाइल बघून हसलं की हिलाल चहा अर्धा टाकून उठायचा. प्रत्येक पाहणारा तेच पाहतोय असं वाटायचं. घरी जेवताना चाळीस फूट पाण्याखालून रिंग ऐकू यायची. जन्मभर थापा मारलेल्या माणसाला ही एक खरी गोष्ट कुणाला सांगायची सोय नव्हती.

तिसऱ्या दिवशी त्याने गळ टाकून फोन काढला. आत नुसता चिखल; तो सुरूच झाला नाही.

पुनमने सांगितल्यावर ज्योती मॅडम घरी आल्या. "हिलालनाना, फोन गेला तरी तक्रार होते. मात्र तिला बोल लावू नका. घरी कळेल, ह्याच भीतीवर तर त्या पोराचं फावतंय."

भडगावच्या ठाण्यात हवालदारबाईंनी विचारलं, "धमक्या आलेला फोन कुठंय?"

"मी बुडवला," हिलाल म्हणाला. "पहिले ते लिखा. तिनी चूक नही, मनी शे."

बाईंनी ते लिहून घेतलं. "आता तिला सांगू द्या."

हिलालने खुर्ची लेकीला दिली. पुनम हळू आवाजात बोलू लागली. बाहेरच्या बाकावरची माणसं माना उंचावून आत पाहत होती. अंगाने काडी असलेला हिलाल दाराकडे पाठ करून उभा राहिला आणि ती त्यांना दिसू नये म्हणून जमेल तितका रुंद झाला.